चौथं फुलपात्र

गंगाधरचं नाक चांगलं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक बुधाजी आणि दुसरा तो स्वतः. त्यातही स्वतःची त्याला खात्री नव्हती.

करी रोडला गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरात, एकतिसाव्या मजल्यावर, विनीतच्या घरी दर शनिवारी दुपारी साडेचारला चौघांची बैठक भरायची. विनीत पन्नाशीतच मोठी नोकरी सोडून मोकळा झालेला. प्रवासातून बाटल्या आणायच्या आणि त्या कोणाला तरी दाखवायच्या, एवढाच त्याचा उद्योग. शामराव बँकेतून निवृत्त. शिवाजी पार्कच्या फेऱ्यांत त्याची गंगाधरशी ओळख झाली आणि त्यानेच त्याला इथे आणलं. गंगाधरने गिरगावातल्या एका छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली होती. विनीतने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘शुद्धलेखनकाका’ ठेवून टाकलं. चौथा बुधाजी. तो टॉवरच्या मागच्या पुनर्वसनाच्या इमारतीत राहायचा. तरुणपणी ह्याच जागेवरच्या गिरणीत होता, संपानंतर लालबागच्या एका परमिट रूममध्ये पंचवीस वर्षं काउंटरवर. कोणत्या गिऱ्हाइकाला काय चढेल आणि काय मानवेल, हे माणूस दारातून आत येतानाच तो सांगायचा म्हणे.

बैठकीचा एक नियम होता. विनीत स्वयंपाकघरात जाऊन चार स्टीलच्या फुलपात्रांत चार बाटल्यांतलं थोडं थोडं ओतून एका वेळी एक आणी. रंग दिसू नये म्हणून स्टील. एकेक फुलपात्र फिरायचं. शामरावने आणि गंगाधरने नुसता वास घ्यायचा आणि गप्प बसायचं. शेवटी बुधाजीने वास घेऊन, घोट घेऊन निकाल द्यायचा. मग बाटली बाहेर यायची, सगळ्यांचे ग्लास भरायचे आणि भांडणं सुरू.

“रममध्ये ओल्ड मंकच्या पुढे काही नाही,” शामराव दर शनिवारी नव्याने सांगायचा.

“कोला घालून पिणाऱ्याने बोलू नये,” विनीत म्हणायचा. “गोव्याची सिंगल माल्ट घेऊन बघा, स्कॉटलंड विसराल.”

“बुधाजी, तू सांग रे.”

बुधाजी सांगायचा आणि तेच शेवटचं ठरायचं.

गंगाधर क्वचित बोलायचा. एकदा एका व्हिस्कीला ओल्या पोत्याचा वास येतो असं त्याच्या तोंडून गेलं, तर महिनाभर हसले. “कुठल्या पुस्तकात वाचलंत?” विनीत विचारत राहिला. पुढे तीच बाटली निघाली तेव्हा बुधाजी म्हणाला, “पावसात भिजलेलो गोणपाट,” आणि विनीतने टाळ्या वाजवल्या.

आता गंमत अशी, की बुधाजीला गोणपाटाचाच काय, कसलाच वास येत नव्हता. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो हॉस्पिटलातून जगून आला, नाक तेवढं तिथेच राहिलं. एका शनिवारी खाली उतरताना त्याने लिफ्टमध्ये गंगाधरचा हात धरला होता.

“पंत, कोणाक सांगू नको. माका वास येणा नाय. घशाक जळजळ कळता, बस. हयसर माका कोण कशाक बोलावतत? नाकासाठी. ता गेला तर मी खालच्या बिल्डिंगमधलो म्हातारो.”

“मग मी काय करू?”

“तुका येता ना? तू सांग, मी बोलतलंय.”

खुणा ठरल्या. गंगाधरने चष्मा कपाळावर चढवला तर रम. हातात धरला तर व्हिस्की. चष्मा डबीत ठेवून डबी मिटली, तर काहीतरी गडबड आहे, तोंडाला लावू नकोस. बाकी शब्द गंगाधर आधी, वर येताना लिफ्टमध्ये पुरवायचा. रम निघाली तर काय म्हणायचं, व्हिस्की निघाली तर काय, ते दोघं घोकायचे. दीड वर्ष हे चाललं. गंगाधरला त्यात सुख होतं, नाही असं नाही. आपण चुकत नाही हे त्याला दर शनिवारी बुधाजीच्या तोंडून ऐकायला मिळायचं.

मग विनीतने सोसायटीच्या ग्रुपसाठी बुधाजीकडे पाच बाटल्यांची शिफारस मागितली. बुधाजीचा लिहिण्याशी संबंध सहीपुरता. गंगाधरने आठवडाभर बसून लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ‘ही रम पहिल्या घोटाला लाजते आणि दुसऱ्या घोटाला नावाने हाक मारते.’ ह्या एका ओळीवर त्याच्या दोन दुपारी गेल्या होत्या. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासल्यावर त्याला स्वतःचं एक वाक्य आवडलं होतं.

ग्रुपवर तीनशे घरं. सगळ्यांनी पसंतीचे अंगठे टाकले. पुढच्या शनिवारी विनीतने ती ओळ मोठ्याने वाचली आणि फोन गंगाधरच्या नाकापुढे धरला.

“वाचा, शुद्धलेखनकाका, वाचा! ह्याला म्हणतात भोगलेलं. तुमचं आयुष्य गेलं काना-मात्रा बघण्यात, एक ओळ अशी सुचली का कधी?”

गंगाधरने बुधाजीकडे पाहिलं. बुधाजी ग्लासात बघत होता. थोडा हसला आणि मिशीवरून बोट फिरवलं. लिफ्टमध्ये तो म्हणाला, “लोकांका आवाडला बघ आपला.” गंगाधरला त्यातलं ‘आपला’ ऐकूच आलं नाही. ते मिशीवरून फिरलेलं बोट तेवढं त्याच्या डोक्यात घर करून बसलं.

त्यानंतरच्या शनिवारी तीन फुलपात्रं सुरळीत झाली. चौथं घेऊन विनीत आला तो ओठ दाबूनच. शामरावने नाकाशी धरलं आणि एकदम मान मागे घेतली. विनीतने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. नियम म्हणजे नियम, शेवटच्याने बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही.

फुलपात्र गंगाधरकडे आलं. नाकापर्यंत न्यायचीही गरज नव्हती. जवळा! लालबागच्या बाजारातला सुका जवळा रममध्ये भिजत घालून विनीतने ती गाळून आणली होती. त्याचा हेतू साधा होता. मालवणी माणूस जवळा ओळखून शिवी हासडेल, सगळे हसतील, बुधाजीचं नाव आणखी मोठं होईल.

बुधाजीने नेहमीसारखं गंगाधरकडे पाहिलं. सहज, दिव्याचं बटण कुठे आहे हे माहीत असलेला माणूस अंधारात हात नेतो तसं.

चष्म्याची डबी गंगाधरच्या मांडीवर उघडी होती. चष्मा आत ठेवायचा आणि झाकण मिटायचं, एवढंच काम. त्याने चष्मा काढला. काचा सदऱ्याला पुसल्या. आणि सावकाश कपाळावर चढवला.

बुधाजीने फुलपात्र उचललं, डोळे मिटून दीर्घ वास घेतला.

“रम,” तो म्हणाला. “जुनी. मनुका येतत. मागसून गूळ.”

शामरावने तोंडावर रुमाल धरला. विनीतच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग हळूहळू काहीतरी उमजत गेलं, आणि त्याचे डोळे चमकायला लागले.

“आणखी काय येतं, दादा?” त्याने अगदी आदराने विचारलं. शामरावला खूण केली. शामरावने फोन उभा धरला.

“आणि लाकूड. सागाचा. आजयेच्या पेटाऱ्यात असता तसो वास.”

“समुद्र वगैरे?”

“नाय. समुद्राचो हयसर काय संबंध?”

“घ्या ना घोट. मोठा घ्या.”

बुधाजीने फुलपात्र रिकामं केलं. जीभ टाळ्याला लावली आणि थांबला. दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. गाळण्यातून निसटलेला एक जवळा. केसाएवढा, डोळ्याच्या जागी काळा ठिपका. बुधाजी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून गंगाधरच्या कपाळाकडे पाहिलं. चष्मा तिथेच होता.

विनीत खुर्चीतून घसरायचा बाकी होता. “दादा, अहो मालवणचे ना तुम्ही! घरभर जवळ्याची घाण सुटलीय आणि तुम्हाला मनुका? म्हणजे इतके दिवस नुसत्या फेकत होता?”

“कोविडपासून असेल,” शामराव डोळे पुसत म्हणाला. “आमच्या मेव्हणीचं तसंच झालं. पण मग बाटल्या कशा ओळखत होता हा?”

“काका, तुम्हाला काही माहीत होतं?” विनीतने विचारलं.

सगळ्यांनी गंगाधरकडे पाहिलं. बुधाजीनेही. खुणांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

“मला कसं माहीत असणार?” गंगाधर म्हणाला.

बुधाजीने जवळा कागदी रुमालात गुंडाळला, खिशात टाकला आणि चपला शोधायला लागला. गंगाधर सवयीने त्याच्यामागे निघाला. लिफ्टमध्ये दोघंच. वीस मजले गेले.

“चष्मो डबीत ठेवूक इसारलस काय रे, पंत?” बुधाजीने विचारलं. आवाजात राग नव्हता. ‘हो’ म्हण, एवढंच तो मागत होता.

अकरा मजले उरले होते. ‘हो’ म्हणायला ते पुष्कळ झाले. गंगाधर आकडे उतरताना बघत राहिला.

दार उघडलं. “बरा,” बुधाजी म्हणाला आणि मागच्या इमारतीकडे गेला.

त्या आठवड्यात ती चित्रफीत तीनशे घरांत फिरली. गंगाधरला वाईट वाटायला हवं होतं. त्याने वाट पाहिली, पण वाटलं नाही. उलट गाढ झोप लागली.

पुढच्या शनिवारी बुधाजीची खुर्ची त्याला मिळाली. विनीतने पहिलं फुलपात्र पुढे केलं. गंगाधरने वास घेतला, घोट घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा न चाचरता बोलला, “व्हिस्की. धुराची. पाठीमागे मीठ आणि थोडं आयोडीन. बेटावरची असावी.”

विनीतने बाटली आणली. अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

“बरोबर आहे हो काका,” तो जांभई देत म्हणाला, “पण मजा नाही. धडा म्हटल्यासारखं वाटतं. बुधाजी चुकीचं बोलायचा तरी काय बोलायचा! लाजते काय, हाक मारते काय!”

“ती ओळ माझी होती,” गंगाधर म्हणाला.

दोघं इतके हसले, की विनीतच्या बायकोने आतून काय झालं म्हणून विचारलं.

“शामराव, ते लावा परत,” विनीत म्हणाला. “ह्यावर तेच पाहिजे.”

शामरावने फोन टेबलावर उभा केला. पडद्यावरचा बुधाजी डोळे मिटून सागाच्या पेटाऱ्याबद्दल सांगत होता आणि कडेला, अर्धवट, गंगाधर दिसत होता. कपाळावर चष्मा. कोणीही हसायच्या आधी तो एकटा हसत होता. ओठ न उघडता, मिशीवरून बोट फिरवत.

“काका, तुम्ही बघा कसे गालातल्या गालात!” शामराव म्हणाला. “परत लावू?”

“लावा,” गंगाधर म्हणाला.