दहावी खुर्ची

शाओशिंगच्या एका शाळेत दू मास्तरांनी आयुष्यभर शिस्त सांभाळली. निवृत्तीनंतर शाळा सुटली, शिस्त हातातच राहिली. आणि ती कुठे ठेवावी हे न कळल्यामुळे मास्तर ती बायकोच्या सहलीला घेऊन आले.

सहल खरं तर बायकोचीच. रुईफेन रोज संध्याकाळी चौकात मैत्रिणींबरोबर व्यायाम म्हणून नाचायची. त्या नऊ जणींनी शान्शी प्रांताची सहल ठरवली, तेव्हा कंपनीने सांगितलं, की जेवणाचं टेबल दहा जणांचं असतं, दहा माणसं बसल्याशिवाय आचारी ताटली पुढे करत नाही, तेव्हा आणखी एक कुणीतरी आणा. त्या कुणीतरीच्या जागी मास्तरांची नेमणूक झाली होती. पण माणसाला खुर्ची मिळाली, की आपण अध्यक्ष आहोत असं वाटायला कितीसा वेळ लागतो?

काल त्यांनी ग्वानताईंना भर बसमध्ये झापलं होतं. ग्वानताईंचं टोफूचं दुकान, स्वभाव टोफूहून मऊ. बायकांच्या शौचालयाच्या रांगेत बिचाऱ्या अडकल्या आणि उशिरा आल्या. "तुमच्या एकटीमुळे सगळ्या बसचा खोळंबा!" मास्तर गरजले. ग्वानताई मान खाली घालून बसल्या, आणि मग रडल्या.

आज सकाळी पेज पिताना रुईफेन शांतपणे म्हणाली, "म्हाताऱ्या, आज कुणाला एक शब्द शिकवलास, तर ही तुझी शेवटची सहल. शरदात आम्ही समुद्रावर जाणार आहोत. दहावी म्हणून मी माझ्या बहिणीला घेईन."

"आणि मी?"

"तू घरी बस. फ्रीजची हजेरी घे."

मास्तरांनी पेजेची वाटी खाली ठेवली. रुईफेन आठवडाभर घरी नाही म्हणजे काय, हे त्यांनी एकदा अनुभवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते कुंडीतल्या झाडाला ताठ उभं राहायला सांगत होते.

तेव्हा आज पिंगयाओच्या जुन्या गावात मास्तर तोंडाला कुलूप लावून हिंडत होते. सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या पिवळ्या टोप्या, पुढे गाइड पोरगी, तिच्या हातात काठीला बांधलेलं कापडी माकड. बडबड नको म्हणून मास्तरांनी फोनसुद्धा बसमध्ये चार्जिंगला ठेवला होता; हातात फक्त चहाची बाटली. जुन्या कचेरीत गुन्हेगारांना शिक्षा करायची हत्यारं मांडली होती. मास्तर त्यांच्यासमोर जरा जास्तच आपुलकीने रेंगाळले. मान वर केली, तर पिवळ्या टोप्या फाटकाबाहेर पडत होत्या. मास्तर लगबगीने मागे लागले.

टोप्या एका खानावळीत शिरल्या. मास्तरही शिरले. टेबलाशी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं, की यातला एकही चेहरा ओळखीचा नाही आणि काठीच्या टोकाला माकड नसून बदक आहे.

"बसा हो आजोबा, बसा!" लाल शालवाल्या एका बाईने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. "आमचा एक गडी पोट बिघडून बसमध्ये झोपलाय. मघापासून नऊ जण कोरड्या वाट्या बघत बसलोय. तुम्ही दहावे!"

"पण मी तुमच्यातला नाही—"

"टोपी तर आमचीच आहे!" म्हणत बाईने आत आरोळी ठोकली, "दहा झाले! आणा!"

आणि आलं. वाफाळणारे जाडे नूडल्स, खारवलेलं गोमांस, आंबट-गोड अख्खा मासा. बाईने पिशवीतून घरची मिरचीची बरणी काढली आणि सगळ्यांच्या वाट्यांत लाल डोंगर उभे केले. मंडळी तिखटखाऊ हुनान प्रांतातली होती. मास्तरांनी मनाशी ठरवलं, दोन घास खायचे आणि उठायचं. शिस्तीचा माणूस. पण माशाचं डोकं त्यांच्या दिशेला आलं. वडील माणसाचा तो मान; नाही म्हणायचं तर यजमानाचा अपमान. मास्तरांनी मान राखला. मग डोक्यामागून माशाचाही मान राखला.

दात कोरत, मिरचीने वाहणारं नाक पुसत ते बाहेर निघाले, तर लाकडी पडद्यापलीकडे त्यांना ओळखीचं टेबल दिसलं.

आठ जणी बसल्या होत्या. वाट्या कोऱ्या, जेवणाच्या काड्या सरळ. कुणी खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया सोलत होतं. मास्तरांनी दातकोरणं गिळायचंच काय ते बाकी ठेवलं, मुठीत लपवलं.

"सापडले! मास्तर सापडले!" ग्वानताई ओरडल्या.

दारातून रुईफेन आत आली. घामाघूम, टोपी हातात, आवाज बसलेला. कचेरीपासून वेशीपर्यंत ती त्यांना हाका मारत हिंडली होती. ओरडेल असं वाटलं, पण तिने फक्त खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बस."

"मी जरा... चुकलो," मास्तर म्हणाले. वाक्य खरं होतं, म्हणून त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"असू दे हो," ग्वानताई म्हणाल्या. "बघा, उन्हाने कसे लाल झालेत! उपाशी हिंडले बिचारे. आधी त्यांना वाढा."

दहा झाले, ताटल्या आल्या. तेच नूडल्स, तेच गोमांस, तोच मासा. काल जिला रडवलं तिने मास्तरांची वाटी शीग लागेपर्यंत भरली. मास्तर गिळत होते. तिसऱ्या घासाला त्यांना वाटलं, आता सांगून टाकावं. पण रुईफेन अजून टोपीने वारा घेत होती, आणि समुद्र फार लांब दिसू लागला होता.

"सावकाश खा," ती म्हणाली. "भूक लागली असेल."

तेवढ्यात पडद्याआडून लाल शाल आली.

"आजोबा, चहाची बाटली विसरलात! अहो, मासा एवढा आवडला होता तर सांगायचं नाही का? आमचाही उरलेला बांधून दिला असता!"

बाटली ठेवून ती निघून गेली. टेबलावर कुणी काड्या हलवेना. मास्तरांच्या तोंडात नूडल्स होते. आत जाईनात, बाहेर काढता येईनात.

पहिल्या हसल्या त्या ग्वानताई. इतक्या, की त्यांना डोळे पुसावे लागले. मग सगळ्याच हसू लागल्या. रुईफेन तेवढी हसली नाही.

मास्तर उठून उभे राहिले. "ग्वानताई, काल मी तुम्हाला जे बोललो, ते... माझ्यासारख्या माणसाने बोलायचं नव्हतं."

"आधी तोंडातलं संपवा, मास्तर," ग्वानताई म्हणाल्या.

मास्तर खाली बसले आणि बायकोकडे बघू लागले. तिने बाटली उघडली, घोटभर चहा प्यायली, आणि मैत्रिणींना म्हणाली, "शरदात याला न्यावंच लागणार गं. मागे ठेवला, तर गल्लीत घरोघरी जेवत फिरेल आणि लोक म्हणतील, रुईफेन उपाशी ठेवते."

मग तिने माशाचं डोकं उचललं आणि मास्तरांच्या वाटीत ठेवलं.

"खा," ती म्हणाली.

मास्तरांनी खाल्लं.