तेत्सू की आझुकी

हिकोसाबुरोच्या घरात जन्मात कधी कुत्रा आला नव्हता. जपानातल्या ओदातेत, कुत्र्यांसाठीच नावाजलेल्या गावात, हे सांगायची चोरी. इथे स्टेशनपासून पोस्टापर्यंत जिकडे बघावं तिकडे दगडाचे नाहीतर लाकडाचे कुत्रे, आणि याची बायको तोमिए त्या दगडी कुत्र्यांनाही वळसा घालून जायची. लहानपणी एकाने तिच्या पोटरीचा लचका तोडला होता. शेवटच्या आजारात रोग्यांचं मन रमावं म्हणून इस्पितळात कुणी एक गरीब म्हातारा कुत्रा आणला, तर हिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि तो खाली जाईपर्यंत काढलं नाही.

ती गेल्यावर दर ऑगस्टात, पितरांच्या दिवसांत, हिकोसाबुरो फाटकाशी भूर्जाची साल पेटवून तिला घरी बोलवायचा आणि दिवस सरले की तशीच निरोपाची आग पेटवायचा. या वर्षी मात्र निरोपाच्या संध्याकाळी तो काडी हातात घेऊन नुसताच उभा राहिला. मग साल परत कपाटात ठेवली. "राहा थोडे दिवस," तो म्हणाला. "तिकडे तरी काय घाई आहे?"

आणि घरात कुणीतरी राहिलं. बुटक्या टेबलापाशी तोमिएची गादी होती, तिच्यावर दुपारनंतर खळगा पडायचा. हात लावला तर ऊब लागायची. समोर ठेवलेला चहा थोडा कमी झालेला असायचा. हिकोसाबुरो देवदाराच्या पट्ट्या वाकवून जेवणाचे डबे बनवत असे. काम करता करता तो तिच्याशी बोलू लागला, बायकोशीच बोलावं अशा गोष्टी. पाठ दुखते इथपासून ते मला एकटं झोपवत नाही इथपर्यंत.

ऑक्टोबरात एक अस्वल अंगणातल्या पर्सिमनच्या झाडावर चढून फळं फस्त करून गेलं. सेंदाईहून मुलीचा, चिगुसाचा, फोन आला.

"बाबा, एक तर घरात कुत्रा, नाहीतर तुम्ही माझ्याकडे. तिसरं काही मी ऐकणार नाही."

"अगं, त्याने फळंच खाल्ली. मला नाही खाल्लं."

"पुढच्या वेळी खाईल. नारितासानना सांगितलंय मी. त्या दोन आणतील, एक ठेवून घ्या."

घर सोडायचं म्हणजे तोमिएला सोडायचं. हिकोसाबुरो मुकाट्याने हो म्हणाला.

नारिता ही कुत्री पाळून विकणारी बाई. आवाज असा, की पलीकडच्या शेतातली पाखरं उडावीत. तिने गाडीतून दोन कुत्री उतरवली.

"हा तेत्सू. अकिता जातीचा, आपल्या मातीतला. दिसतो अस्वलासारखा, पण स्वभावाने अगदी गाय. आणि ही आझुकी, शिबा. एवढीशी आहे, पण तोंड माझ्यासारखं."

"मग ती नकोच."

"ऐका तर, हिकोसान! लहान घर, म्हातारा माणूस, तुम्हाला शिबाच बरी. याला फिरवायला तुमच्यात जोर कुठाय? हाच तुम्हाला फिरवून आणेल." तिने तेत्सूच्या डाव्या कानामागे खाजवलं. तो धपकन उताणा पडला. "बघा. असारी आजींनी लावलेली खोड. वरच्या गल्लीतल्या हो. हिवाळ्यात गेल्या बिचाऱ्या. मुलगा ओसाकाला. घराला कुलूप घातलं आणि याला माझ्या दारात सोडून गेला. पितरांच्या दिवसांतसुद्धा फिरकला नाही मेला."

"चहा देण्याच्या रीतिरिवाजाचे वर्ग घ्यायच्या, त्याच ना?"

"त्याच. पट्टी गिळल्यासारख्या ताठ. कधी पाय मोकळा सोडून बसल्या नाहीत. बरं, ठेवते दोघांना चार दिवस. मग सांगा."

आझुकीने चटयांच्या खोलीच्या उंबऱ्याआत पाय टाकला नाही. तिथेच उभी राहून ती गादीकडे बघत गुरगुरत राहिली, मानेवरचे केस ताठ करून. तेत्सू मात्र सरळ आत गेला, गादीशेजारी आडवा झाला आणि हनुवटी तिच्यावर टेकवून डोळे मिटले. हिकोसाबुरोचा जीव भांड्यात पडला. तोमिएवर गुरगुरणारं कुत्रं त्याला नको होतं. तेत्सूच ठेवायचा, हे त्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

एवढंच, की मागच्या खोलीचं सरकतं दार रोज सकाळी लावलेलं सापडायला लागलं. तो उघडं ठेवायचा, आणि ते लावलेलं असायचं. हवेने लाकूड फुगलं असेल, असं म्हणून तो ते परत उघडायचा.

नारिता यायच्या दिवशी दुपारी तो डब्याच्या सांध्याला टाके घालत बसला होता. सहज मान वर केली. तेत्सू गादीपाशी पडला होता, आणि त्याच्या डाव्या कानामागचे केस दबले. उठले. परत दबले. मग तेत्सू सावकाश उताणा झाला आणि त्याची शेपूट चटईवर आपटू लागली.

"तोमिए," हिकोसाबुरो हसला, "गेली का गं भीती शेवटी?"

बोलला, आणि त्याला इस्पितळातलं ते पांघरूण आठवलं. त्याच्या हातातला दाभण तसाच राहिला. त्याने गादीकडे नीट पाहिलं. तोमिए गुडघ्यामुळे एक पाय बाजूला सोडून बसायची, गादी कायम एका अंगाला दबलेली असायची. हा खळगा मधोमध होता. दोन्ही पाय दुमडून, पाठ ताठ ठेवून कुणीतरी बसलं होतं. ऑगस्टपासून हा खळगा त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि त्याला दिसला नव्हता. किंवा त्याने दिसू दिला नव्हता.

"आपण कोण?" त्याने हळूच विचारलं.

तेत्सूच्या कानामागचे केस दबायचे थांबले. कुणीतरी हात मागे घेतल्यासारखं.

वरच्या गल्लीतल्या कुलूपबंद घरापुढे कुणी आग पेटवली नव्हती. जवळची पेटलेली आग याच फाटकाशी होती.

हिकोसाबुरोने कपाळ चटईला टेकवलं. "असारीबाई, माफ करा. मी तुम्हाला अडकवून ठेवलं." आणि इतके दिवस आपण या परक्या, शिस्तीच्या बाईला काय काय ऐकवलं ते आठवून त्याची कानशिलं तापली.

त्याने कपाटातून साल काढली, निम्मी फाटकाशी पेटवली. ऊन कलायला लागलं होतं. काळा धूर सरळ वर गेला. दारातून आझुकी भुंकू लागली, आधी खोलीच्या दिशेने, मग वाटेच्या, मग अंगणाच्या. भुंकत भुंकत तिचं तोंड हळूहळू फाटकाकडे वळलं. तिच्या पुढून तेत्सू आला. लहान पावलांच्या माणसाबरोबर चालावं तसा, अडखळत, गळ्यातल्या पट्ट्यावर कुणाचा हात असल्यासारखा. आगीला वळसा घालून तो वरच्या गल्लीकडे चालू लागला. हिकोसाबुरोला हाक मारवली नाही. आझुकी फाटकात येऊन बसली आणि गप्प झाली.

थोड्या वेळाने नारिताची गाडी आली. मागे तेत्सू होता.

"हा कुठे सापडला सांगू? असारी आजींच्या दारात! कुलपाकडे बघत बसला होता. उठवता उठवेना. त्याला दुसरं घर नाहीच मानवायचं, मी आपली ठेवते माझ्याकडेच." तिने आगीकडे पाहिलं. "आता ऑक्टोबरात कसली आग, हिकोसान? बरं, मग? ठरलं?"

"आझुकी. जे या घरातलं नाही ते तिला कळतं."

त्याच वेळी आतून आवाज आला. मागच्या खोलीचं दार कुणीतरी घाईघाईने लावून घेतलं होतं.

"घरात कोणी आहे?" नारिताने आवाज खाली आणला.

हिकोसाबुरो आझुकीकडे बघत होता. तिने कान वळवले, त्या दाराच्या दिशेने पाहिलं. भुंकली नाही. गुरगुरलीही नाही. फाटकाच्या अगदी मधोमध बसून होती, आणि गाडीतून तेत्सूने मान बाहेर काढली होती. रोज सकाळी लावलेलं ते दार हिकोसाबुरोच्या डोळ्यांपुढे आलं. ही दोघं घरात आल्या दिवसापासूनच ते लागत होतं.

आझुकीला फाटकात असंच बसवून ठेवलं, तर ते माणूस या घरातून कधीच बाहेर पडणार नाही. हा विचार त्याच्या मनात आला, आणि बराच वेळ तिथे राहिला.

"नारितासान," शेवटी तो म्हणाला, "आज दोघांनाही घेऊन जा."

"अहो, आत्ताच ठरलं म्हणालात!"

"उद्या सकाळी आणा आझुकीला. आज फाटकात कुत्रं नको. एकीचं जायचं राहिलंय, आणि ती कुत्र्यांना घाबरते."

नारिताने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. तिने आझुकीला उचलून गाडीत ठेवलं आणि मागे न बघता गाडी काढली.

गाडीचा आवाज वळणापलीकडे गेला. आतलं दार हळूच सरकलं. हिकोसाबुरोने मागे वळून पाहिलं नाही. उरलेल्या सालीला त्याने काडी लावली.