विनिकोमांची मेंढी

आमच्या घराण्यात चोरी दर फेब्रुवारीत होते. सकाळी क्लेम काका दाढी करतो, ठेवणीतला कोट चढवतो आणि शेजारच्या डग टॅपरच्या कुंपणावरून उडी मारून एक मेंढी पळवतो. उडी म्हणायची आपली पद्धत. काका चौऱ्याऐंशीचा आहे, तेव्हा अलीकडून आम्ही त्याला ढकलतो आणि पलीकडून ज्याची मेंढी जायची तो डगच त्याला झेलतो. मग डग पोलिसाची टोपी घालून त्याला पकडतो. निलगिरीखाली खटला भरतो. न्यायाधीश शिक्षा ठोठावतो, "काळं पाणी! रवाना करा टास्मानियाला!" आणि झाडून सगळे विनिकोम ओरडतात, "तिथंच तर आहे!" मेंढी परत कुंपणाआड जाते आणि आम्ही खाटकाकडून आणलेल्या मटणावर ताव मारतो.

इंग्लंडचे कैदी पूर्वी जिथे काळ्या पाण्यावर धाडले जायचे त्या आमच्या टास्मानियात आज ज्याच्या घराण्यात काळ्या पाण्याचा एकही कैदी नाही, त्याला लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यातली खुर्ची मिळते. आमचा कैदी म्हणजे मूळ पुरुष जोसाया विनिकोम, गुन्हा मेंढीचोरी. त्याचा मान काकाने मिळवून दिला, आणि तो फुकट मिळालेला नाही. काका शाळेत होता तेव्हा कैद्याचं रक्त म्हणजे कलंक होता. तो वर्गात शिरला की पोरं बें बें करायची. त्याच्या बापाला बँकेतली नोकरी त्याच कारणाने नाकारली गेली. माझी पणजी, म्हणजे काकाची आजी, मात्र शेवटपर्यंत सांगायची, "आपण चोर नाही रे, आपण तिकीट काढून आलो." काका म्हणायचा, म्हातारी लाजेपायी थापा मारते. मोठा झाल्यावर त्याने फाटकावर लाकडी मेंढी ठोकली आणि खाली लिहिलं, "होय, आम्हीच." पुढे वारं फिरलं, कैदी पूर्वज मिरवायची गोष्ट झाली, पण काकाने ती मेंढी ठोकली तेव्हा त्याच्याशी बोलायलाही कुणी तयार नव्हतं. म्हणून मला तो माणूस आवडतो.

या वर्षी डॉक्टरांनी बजावलं होतं, कुंपण शेवटचं. म्हणून आम्ही थाटात करायचं ठरवलं आणि थेट इंग्लंडमधून, डेव्हनमधल्या विनिकोम दरीतून पाहुणी मागवली, प्रूडन्स विनिकोम. त्या दरीत या आडनावाचं एवढंच माणूस उरलं आहे. विमानतळावर तिला आणायला मी गेले.

"तुम्हाला इथं सगळे प्रू म्हणतील हं," मी गाडी काढता काढता म्हटलं.

"मिस विनिकोम म्हणायचं."

"अहो, तिथं मिस विनिकोम अशी हाक मारली तर निम्मा मांडव वळून बघेल."

तिने थोडा विचार केला. "मग प्रूडन्स म्हणा. प्रू नको. प्रू आमची कुत्री होती."

बाई मला तिथेच आवडली. वाटेत मी तिला आडनावाचं विचारलं, भाषणात घालायला काहीतरी भारदस्त मिळेल म्हणून.

"भारदस्त कसलं? ओली दरी आहे, पलीकडे काटेरी झुडपं," ती म्हणाली. "आणि दरीत राहणाऱ्याला विनिकोम कोण म्हणणार? तिथं सगळेच तिथले. दरी सोडून बाजारगावात गेलं की लोक विचारणार, हा कुठला? विनिकोमचा. नाव पडतं ते निघून गेलेल्याला."

"मग तुम्ही तर तिथंच राहता."

"आमचे निघून गेले, आपटले आणि नाव घेऊन परत आले," ती म्हणाली. "तुमचे परत आले नाहीत, एवढाच फरक."

आमचे कुठले परत येतात! दरीतून बाजारगावात, तिथून बंदरात, बंदरातून इथे. एक जण सोन्याच्या नादाने बॅलरॅटला गेला, तो तेवढा परत आला, एकाच पायात बूट घालून. एक न्यूझीलंडला गेला, त्याचं आम्ही नाव काढत नाही.

मग तिने मांडीवरची पिशवी उघडून एक घंटा काढली, मेंढीच्या गळ्यातली, काळी पडलेली. "ही तुमच्यासाठी. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर असायची. चोराने मेंढी नेताना आवाज नको म्हणून हिला खंदकात फेकली. तुमच्या जोसायाच्या बापाला सापडली. त्याचीच ना मेंढी."

मी गाडी रस्त्याकडेला घेतली.

"कुणाची मेंढी?"

"विनिकोमांची. चोर एली टॅपर. त्याला काळ्या पाण्यावर धाडलं. मागाहून शेत बुडालं तेव्हा धाकटा मुलगा जोसाया तिकीट काढून इकडे आला आणि टॅपरच्या शेजारीच जमीन घेतली. या मुलखात ओळखीचा असा तो चोरच तेवढा होता बिचाऱ्याला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे. तुम्हाला नाही?"

काकाने मार खाल्ला, टोमणे खाल्ले, त्या अपमानाचाच तुरा करून तो जन्मभर डोक्यावर मिरवला. आणि शेवटच्या कुंपणाच्या आदल्या दिवशी ही बाई तो तुरा उपटणारी घंटा पिशवीत घालून घेऊन आली होती.

"प्रूडन्सबाई, उद्या हे बोलू नका," मी हात जोडले. "म्हाताऱ्याचा जीव जाईल."

"मी खोटं बोलत नाही."

"खोटं कुठं बोला म्हणतेय? नुसतं बोलू नका."

"ठीक आहे. विचारलं नाही तर नाही सांगणार. विचारलं तर सांगणार."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याभोवती पहारा दिला. कुणी जवळ आलं की मी तिच्या बशीत केक टाकायची. तोंड भरलेलं तेवढं बरं. एका चुलतभावाने विचारलं, "मग, आमचा जोसाया कसा होता हो?" मी तिला अख्खा लॅमिंग्टन केक भरवला. बाईने तो मुकाट्याने चावला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी ओशाळले.

चोरी झकास झाली. काका कुंपणावर मध्येच अडकला तेव्हा डग खालून म्हणाला, "क्लेम, लवकर कर. मेंढी म्हातारी व्हायला लागली."

"तू टोपी नीट घाल आधी. पोस्टमन दिसतोयस."

खटला उभा राहिला. न्यायाधीशाच्या खुर्चीत अर्थातच मानाची पाहुणी. ऊन चढलं होतं, माशा घोंगावत होत्या आणि काका मेंढीच्या मानेवर हात ठेवून ताठ उभा होता. त्याने छाती पुढे काढली आणि दर वर्षीचं वाक्य टाकलं. हे वाक्य माझ्या ध्यानातून साफ गेलं होतं.

"बोला न्यायाधीश! विनिकोम चोर आहे की नाही?"

प्रूडन्सने माझ्याकडे पाहिलं. बशी रिकामी होती.

"नाही," ती म्हणाली. "मेंढी विनिकोमांची होती. चोर टॅपर." आणि तिने घंटा टेबलावर ठेवून सगळं सांगितलं, कालच्याच शब्दांत.

कुणी हसलं नाही. काका डगकडे वळला. "ऐकलंस का? काय बोलतेय ही?"

डगने टोपी काढली. "खरं बोलतेय."

"तुला माहीत होतं?"

"आजोबांनी सांगितलं होतं. तेव्हा आपण तिसरीत होतो." डग टोपी हातात फिरवत राहिला. "एक चोर इथं आलाय एवढं लोकांना कळलं होतं. दोघांतला कोण, ते आमच्या लोकांनी सांगितलंच नाही. मीही नाही."

"वर्गात बें बें करत होतास तू!"

"सगळ्यात मोठ्यांदा," डग म्हणाला. "कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून. नंतर तूच ते मिरवायला लागलास, मग कोणत्या तोंडाने सांगणार? दर वर्षी तुला झेलत राहिलो, एवढंच केलं."

काका खाली बसला. थेट गवतात, ठेवणीतल्या कोटानिशी. मला वाटलं संपलं. मी पाणी घेऊन धावले, त्याने पेला बाजूला सारला.

"रोवेना, आजी खरं सांगत होती गं," तो म्हणाला. "मरेपर्यंत सांगत होती. मी तिला तोंडावर खोटारडी म्हटलं."

मला रडू आलं. एक पोरगं कुजबुजलं, "मग आता शिक्षा कुणाला?" त्याच्या आईने त्याला चिमटा काढला, पण काकाने ऐकलं होतं.

"शिक्षा भोगून झालीय," काका म्हणाला. "याच्या वाटची मी भोगली. माझ्या बापाने भोगली." मग त्याने हात पुढे केला आणि डगनेच त्याला ओढून उभं केलं. "शिक्षा माफ, डग. पण मेंढी नाही."

"म्हणजे?"

काकाने टेबलावरची घंटा उचलली, कोटाच्या बाहीने पुसली आणि त्या मेंढीच्या गळ्यात बांधली. गाठ बसेना. शेवटी डगने वाकून गाठ मारली.

"ही आमची," काका म्हणाला. "आज परत मिळाली. आता कुंपणाआड जायची नाही."

"अरे, पैदाशीची आहे ती! कळपात पहिल्या नंबरची!"

"बघून चोरायला हवी होती तुझ्या पणजोबाने."

मग मात्र मांडव फुटला. हसण्याच्या त्या गदारोळात काका मेंढीला घेऊन निघालाही, घंटा वाजवत. कुंपणावरून नाही, सरळ रस्त्याने. डग पुढे धावला आणि आमच्या आवाराचं फाटक त्याने उघडून धरलं. फाटकावर ती लाकडी मेंढी होती आणि तिच्या खाली "होय, आम्हीच." काका तिथे थांबला, पाटीकडे बघितलं, मग डगकडे बघितलं.

"ही काढून तुझ्या फाटकाला लाव," तो म्हणाला. "आणि खिळे नीट ठोक. मी ठोकले तेव्हा बघायला कुणी नव्हतं. तू ठोकशील तेव्हा मी खुर्ची टाकून बसणार आहे."