नजरेचं मडकं

वास! आणि तोही असातसा नाही, डोक्यात जाणारा. रेश्मानं नव्या खोलीचं दार उघडलं आणि पदर नाकाला लावला. बाटलीभर फिनेल ओतलं, उदबत्त्यांचा अख्खा पुडा जाळला, तरी बाथरूम आपलं गटारासारखं! आणि लवळ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या आरोही मॅडम खोली बघायला निघाल्यासुद्धा होत्या.

कासार आंबोलीत वावर विकून मोकळे झालेले थोडेथोडके नव्हते. रेश्माचे सासरे कोंडाजी त्याच वाटेला लागले होते, तेव्हा हीच आडवी पडली. "मामा, वावर नका इकू. मागं खोली बांधू, भाड्यानं देऊ." कोंडाजींनी ऐकलं, पण भाडेकरू मिळाला नाही तर वावर एजंटाला द्यायचं, हेही ठरलं. आधी आलेले दोघं नाक दाबून पळाले होते. आता मॅडमही पळाल्या की संपलंच.

"संडासाची टाकी भरली आसंल," कोंडाजी ओट्यावरून म्हणाले.

"नवी कोरी टाकी भरंल कशानं, मामा?"

रागारागानं तिनं संडासात बादलीभर पाणी भडाभडा ओतलं. तर शेजारच्या न्हाणीची जाळी बोलायला लागली. गुडगुड, गुडगुड! रेश्मा उकिडवी बसली. जाळीखाली वाटीभर पाणी साठून राहतं आणि तेच खालचा वास अडवतं, एवढं गवंडी सांगून गेला होता. ते पाणी तिच्या डोळ्यांदेखत कुणीतरी ओढल्यासारखं खाली गेलं. मागून वासाचा भपकारा आला.

अगं बाई! हे गुडगुडणं तर रोजच्या ओळखीचं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल असंच अडखळत पडतं. दुसरं पाडलं की हवा शिरते आणि सरळ धार लागते. मग ह्या संडासाच्या पाइपाचं दुसरं भोक कुठंय? वर! स्लॅबवर!

साडी खोचून ती जिना चढली आणि कपाळावर हात मारला. उभ्या पाइपाच्या तोंडावर नजरेचं मडकं पालथं बसलेलं. काळं कुळकुळीत, चुन्याचे डोळे वटारलेलं, जीभ बाहेर काढलेलं. वाऱ्यानं पडू नये म्हणून कोंडाजींनी कडेनं सिमेंटसुद्धा थापलेलं, जराही फट नाही.

"मामा, हातोडा आणा!"

हातोडा आला, पण मागोमाग सासूबाईही आल्या. "हात लावशील तर बघ!" सारजाबाई कडाडल्या. "आख्ख्या गावाची नजर झेलतंय त्ये."

"आत्या, पाइप गुदमरलाय! पाणी खाली धावलं की त्याला वरनं हवा लागती. ती मिळंना, म्हणून जाळीतलं पाणी वढून घेतोय. वासाला रान मोकळं!"

तेवढ्यात फाट्यावरून रिक्षा वळली. सारजाबाई मडक्याला पाठ लावून उभ्याच.

"सर गं बाजूला," कोंडाजी म्हणाले. "मडकं मी बशिवलं, मीच काढतो. वावर इकायचं म्हटलं की रातीला डोळा लागत न्हाई माझा."

सारजाबाईंनी एकवार नवऱ्याकडं पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या.

"तुकडा आत पडू देऊ नका, मामा!"

दोन घाव बसले, मडकं फुटलं. पाइपातून भसकन वास वर आला आणि कोंडाजी "मेलो!" म्हणून मागं सरले. रेश्मा मात्र टाळ्या पिटत खाली पळाली. जाळीत तांब्याभर पाणी घातलं, संडासात पुन्हा बादली ओतली. पाणी सरळ गेलं. गुडगुड नाही, काही नाही! जाळीतलं पाणी जागच्या जागी. तिनं खिडक्या सताड उघडल्या आणि आनंदानं तिला रडूच फुटलं.

आरोही मॅडम आल्या. खोली बघितली, बाथरूम बघितलं, दारात थांबल्या आणि नाक वर करून हुंगलं.

"कसला वास येतोय हो?"

रेश्माची नजर जाळीकडं गेली. कोंडाजी जिन्यातच थिजले.

"भाताचा ना? इतका सुंदर?"

सारजाबाईंनी चुलीवर आंबेमोहोर चढवला होता, ते सगळे विसरूनच गेले होते.

"आमच्याच वावरातला हाय," कोंडाजी छाती काढून म्हणाले.

"मग जेवणासकट मिळेल का खोली? उद्याच सामान आणते."

"मिळंल की!" म्हणत कोंडाजींनी खिशातला फोन रेश्माच्या हातात दिला. "एजंटाला लाव गं. म्हणावं, परत फोन करू नगंस."

सारजाबाई तोवर फाटकाला नवी काळी बाहुली बांधत होत्या.