सुतकातलं तळण

गरिमानं पिशवीतून कढई काढली आणि रंगमंचावरच्या शेगडीवर ठेवली. एक कान तुटलेली, जुनी लोखंडी कढई. शिंदे की छावनी मोहल्ल्यातल्या तिच्या घरी ती रोज वापरात होती, आणि आईनं ती शंभर कढयांतून ओळखली असती.

"वाह, एकदम असली," अपर्णा म्हणाली. "कुठून आणलीस?"

"घरून. आईनं घासून दिली."

"आंटी किती स्वीट आहेत यार."

गरिमा हसली. सूड उगवायचा असला की माणूस फार गोड हसतं.

अपर्णाशी तिचं मनातलं भांडण याच कढईतल्या एका तळणावरून होतं. उत्कर्ष सर नाट्यविभागाच्या मुलांना शिकवत. वार्षिक सादरीकरणाच्या तालमी सुरू करण्याआधी ते मुलांना गोल बसवत, दिवे मंद करत, आणि प्रत्येकाला आजवर कुणालाच न सांगितलेली एक खरी गोष्ट सांगायला लावत. वर्तुळातलं वर्तुळाबाहेर जाणार नाही, हा सरांचा शब्द. गरिमानं सांगून टाकली. तिचे बाबा, सूर्याजीराव, मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर फेकायचे. आई उरलंसुरलं उभ्याउभ्या गिळायची. बाबा गेले तेव्हा गरिमा लहान होती. सुतकात घरात तळण करत नाहीत, पण एका दुपारी सगळे झोपलेले असताना आईनं स्वयंपाकघराचं दार लावलं, मिरचीची भजी तळली आणि पाटावर मांडी घालून पोटभर खाल्ली. आईचा तसा चेहरा गरिमानं त्याआधी कधी पाहिला नव्हता. सांगताना ती रडली, आणि शेजारी बसलेल्या अपर्णानं तिचा हात धरून ठेवला होता.

आठवडाभरानं अपर्णा स्वगत लिहून घेऊन आली. ताट, भिंत, सुतक, भजी, सगळं जसंच्या तसं. फक्त आई तिची झाली होती. सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. गरिमा त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले, "वर्तुळात आलेली गोष्ट सगळ्यांची असते, गरिमा. कलाकाराचं मन मोठं हवं." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला सरांचं काय जात होतं?

"बुरा मत मानना यार," अपर्णानं तिला कँटीनमध्ये गाठून सांगितलं. "ती स्टोरी माझ्यात उतरूनच गेली. और वैसे भी तू स्टेजवर इतकी ओपन नाही होऊ शकत न."

मग गरिमाकडे नाटकाच्या सामानाची व्यवस्था आली. तिनं ती मुकाट्यानं घेतली आणि आईला पहिल्या रांगेतली जागा राखून ठेवली. प्रयोग संपला की सर प्रेक्षकांना प्रश्न विचारायला लावत. आईचं तोंड गरिमाला ठाऊक होतं. टोपी बाजारात एका दुकानदारानं विटलेलं कापड गळ्यात मारलं, तेव्हा आईनं अर्धा बाजार गोळा केला होता. ती उठेल आणि भर सभेत विचारेल, ही माझी गोष्ट तुला कुणी दिली? त्यानंतरचा अपर्णाचा चेहरा गरिमा मनात पुन्हा पुन्हा रंगवत असे. त्याच्या पलीकडे तिनं काही पाहिलंच नव्हतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी आई आली, आणि तिचा हात धरून मंदाआत्या आली. बाबांची ही थोरली बहीण बाबांच्या मागे यांच्याच घरी राहत होती.

"वन्सं म्हणाल्या, पोरीचं नाटक आहे, मीपण येते," आई म्हणाली. "मोतीबिंदूनं दिसायचं नाही फारसं. पण ऐकतील."

आत्याच्या लेखी तिचा भाऊ देवमाणूस होता, आणि भावजय त्याच्या दुःखात अन्नपाणी सोडून बसली होती. याच समजुतीवर त्या घरातली शांतता इतकी वर्षं टिकून होती. गरिमा धावत मेकअपच्या खोलीत गेली. आज हे स्वगत करू नकोस, पाया पडते, एवढंच म्हणायचं होतं.

अपर्णा आरशात बघत टिकली काढत होती. तिनं मानही वळवली नाही.

"सुन, कढईचा तुटका कान मागे कर. पुढून फार गरीब दिसतं."

मरो, होऊ दे काय व्हायचं ते. गरिमा रंगमंचावर गेली आणि तुटका कान नीट प्रेक्षकांच्या बाजूला करून ठेवला.

अपर्णानं काम चांगलं केलं. गरिमाला विंगेत उभं राहून दातओठ खात ते कबूल करावं लागलं. भजी खाताना पोरीनं डोळे मिटले, तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिल्या रांगेत आई ताठ बसली होती. आत्यानं पदर तोंडाला लावला होता.

दिवे लागले. सरांनी प्रश्न मागितले, आणि आई उठली.

"मुली, ही गोष्ट कुणाची?"

अपर्णाची पापणीही लवली नाही. "माझ्या आईची, आंटी. सगळं खरं आहे."

गरिमानं विंगेचा पडदा मुठीत धरला. आईची नजर कढईवर होती, तिथून ती विंगेकडे आली आणि गरिमावर थांबली.

"तुझ्या आईला माझा नमस्कार सांग," आई म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्या झाल्या. सगळ्यात जास्त सरांनी वाजवल्या.

घरी परतताना ई-रिक्षात आत्या मधे बसली होती.

"नवरा असेल तापट. पण सुतक ते सुतक," ती म्हणाली. "त्या पोरीच्या आईला जनाची नाही, मनाची तरी हवी होती. आमच्या सूर्याजीसारखा शांत माणूस मिळाला, नशीब तुझं."

"हो ना, वन्सं," आई म्हणाली.

दारात आईनं आत्याला हात देऊन आत पाठवलं. चपला काढता काढता तिनं हळूच विचारलं, "त्या दुपारी कुठून बघत होतीस तू?"

"मागच्या खिडकीतून."

"आणि सांगितलंस किती जणांना?"

आईनं गरिमाच्या हातातली पिशवी घेतली. त्या आवाजात राग नव्हता, आणि तेच गरिमाला सोसेना.

"त्या मुलीला एकदा जेवायला बोलाव," आई म्हणाली. "तिनं झाकलं माझं."