बावड्याच्या वळणावरची म्हैस

संयोगिताने मोबाइलमधलं नमुनाचित्र वर करून 'पुढे जनावरं' या इशाऱ्याच्या बोर्डाशी ताडून पाहिलं. लाल त्रिकोण बरोबर, मापंही बरोबर. घोळ होता तो आतल्या जनावराचा.

"कृष्णातमामा, इथं गाय हवी होती. ही म्हैस आहे."

"व्हय की," शिडीवरून कृष्णात पेंटर म्हणाला. "हितनं सांच्याला म्हशीच जात्यात. गाय कुठं बघितलीसा?"

खरंच होतं ते. कसबा बावड्यातून रोज संध्याकाळी म्हशी कोल्हापुरात जातात, चौकात गिऱ्हाइकासमोर धार निघते आणि फेसाळ दूध तिथंच ग्लासात पडतं. पण संयोगिता रस्त्याच्या कामावरची इंजिनिअर होती आणि नमुना सगळ्या देशाला एकच होता.

"भाचा ऑस्ट्रेलियास्नं फोटो धाडतोय. तिकडं बोर्डावर कांगारू असतोय. मग आमच्या म्हशीनं काय घोडं मारलंय?"

"तिथला नमुनाच तसा आहे, मामा."

तिला वाईट वाटत होतं. तीस वर्षं हातानं बोर्ड रंगवणाऱ्या या माणसाचा हा शेवटचाच. पुढचे सगळे छापून येणार होते. आणि तो नामंजूर करून उतरवायचा, तोही आपल्या सहीनं.

तेवढ्यात चिमणाबाई आपल्या पाच म्हशी घेऊन आली आणि भर रस्त्यात थबकली.

"कृष्णात, ही आमची चंद्री न्हवं?"

"व्हय आक्का. रोज बघून बघून तीच हातात बसलीया."

चिमणाबाईनं पदर खोचला, बोर्ड नीट न्याहाळला आणि कपाळाला हात लावला.

"आरं, डावं शिंग गालाकडं वळलंय तिचं, तू सरळच काढलंयस की! चारचौघांत असली चंद्री दावणार व्हय? लोकं काय म्हनतील?"

सरकारी नमुन्यापुढं न हटलेला कृष्णात आता मात्र वरमला. त्यानं गुपचूप ब्रश काळ्या रंगात बुडवला. म्हशींमागं गाड्या तुंबल्या. एका कारवाल्यानं हॉर्न वाजवला, मग स्वतःच खाली उतरून एकदा चंद्रीकडं, एकदा बोर्डाकडं पाहू लागला.

"आजून जरा खाली घ्या, पेंटर."

"आता बराबर," चिमणाबाई म्हणाली.

संयोगितानं हलणारी शिडी एका हातानं धरली. कृष्णात उतरल्यावर तिथंच उभ्यानं तपासणीचा कागद भरला. शेऱ्यात लिहिलं: 'डाव्या शिंगाची दुरुस्ती जागेवर करून घेतली. बोर्ड मंजूर.'