तळाची दारं

नवरा उशिरा घरी यायला लागला की बायकांना संशय येतो. माझा लवकर यायला लागला आणि माझी झोप उडाली.

तो बंदरातल्या गाळाच्या बार्जवर कप्तान. मोठ्या जहाजांना आत यायला खोल वाट लागते, म्हणून गोदीच्या तळाचा गाळ उपसून बार्जमध्ये भरायचा, नदीच्या मुखातून बाहेर काढून दूर समुद्रात ठरलेल्या जागी न्यायचा आणि तिथे बार्जच्या तळाची दारं उघडून सोडून द्यायचा. जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो. मी प्रदूषण खात्यात निरीक्षक. गाळ ठरलेल्या जागीच पडतो ना, हे बघणं माझं काम. शेजारी आम्हाला चोर-पोलीस म्हणतात. माझी बदली बंदरावर झाली तेव्हाच आम्ही ठरवलं होतं, घरात कामाचा शब्द काढायचा नाही. भांडायला गॅस, पंखा आणि त्याची आई असे विषय पुष्कळ होते, त्यामुळे काही अडलं नाही.

अडलं ते त्या टोपलीमुळे. नदी इथे समुद्राला मिळण्याआधी बऱ्याच फाट्यांत फुटते, आणि फाट्यांमधल्या चिखलात बायका ओहोटीला शिंपल्या वेचतात. त्यांच्यातली एक मावशी ऑफिसात आली आणि तिने न विचारता माझ्या टेबलावर टोपली उपडी केली.

"उघडून बघ," ती म्हणाली. "सगळ्या अशाच. मेलेल्या. वेचायचं तरी काय आम्ही?"

मी एक उघडली. आत काळा चिखल, आणि डिझेलचा वास. नदीचा गाळ पिवळट असतो. हा काळा फक्त गोदीच्या तळाशी सापडतो.

आमच्या साहेबांनी आधी नाकाला रुमाल लावला, मग मला त्यांच्या खोलीत नेऊन संगणकाचा पडदा दाखवला. बार्जवर एक यंत्र बसवलंय, ती कुठे जाते ते त्यात उमटतं. "ही बघा, सरळ समुद्रात, सरळ परत. कालचीच फेरी. आणि बार्ज तर तुमच्या घरचीच आहे मॅडम, विचारा की घरी!" स्वतःच्याच विनोदावर ते बराच वेळ हसले. मला इतका राग आला की चहा न घेताच उठले.

राग उतरल्यावर डोकं चालायला लागलं. पडद्यावर काल बार्ज अंधार पडताना परतली होती. आणि काल उन्हं असतानाच तिचा कप्तान माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं.

रात्री भांडी घासता घासता मी सगळा उलगडा केला. यंत्र काढून कुठल्यातरी मच्छीमार होडीवर ठेवायचं, ती होडी दिवसभर समुद्रात फिरवायची, आणि आपण गाळ नदीच्या मुखाशीच ओतून घरी यायचं. चोराला दाद द्यावी अशी युक्ती. चोर घरचा नसता तर मी दिलीही असती.

मग मी पुरावा गोळा करू लागले. त्याचे बूट पाहिले. स्वच्छ. हुंगून पाहिले, तर डिझेलचा मागमूस नाही. शर्टाची कॉलर हुंगली. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"नवऱ्याचे बूट हुंगणारी सून पहिल्यांदाच पाहतेय," त्या म्हणाल्या. "बाई आहे का कोणी?"

"बाई असती तर बरं झालं असतं," मी म्हणाले. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्याला आडून आडून विचारलं, "हल्ली काम लवकर आटपतं वाटतं?" तो म्हणाला, "आटपतं." आणि पंख्याचं बटण खालीवर करत बसला. पंखा नीट चालू होता. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, पण मला तो पंखाही संशयास्पद वाटू लागला. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते. गाळ त्याच्याच बार्जचा निघाला तर अहवालात नाव त्याचं लिहायचं होतं, आणि लिहायचं मला.

दुसऱ्या दिवशी कोणालाही न कळवता मी धक्क्यावर गेले आणि बार्जवर चढले. गाळ काठोकाठ भरला होता. यंत्र जागच्या जागी, स्क्रू गंजून घट्ट बसलेले. ते कोणी कधी काढलंच नव्हतं. तळाची दारं गाळाखाली, ती दिसायचा प्रश्न नव्हता. एक अनोळखी तरणा माणूस कॅबिनमधून उतरला.

"कप्तान कुठेत?" मी विचारलं.

"मीच कप्तान."

"आणि आधीचे?"

"ते होय? ते गेटवर पास बनवतात. मी आलो तेव्हापासून तिथेच."

गेटची पास-खोली काचेची आहे. बाहेर ट्रकवाल्यांची रांग लागली होती, आणि आत माझा नवरा एकेक पास प्लॅस्टिक चढवायच्या यंत्रात सरकवत होता. दाट धुक्यात नुसत्या पाण्याच्या रंगावरून वाट काढणारा माणूस. एक ट्रकवाला ओरडला, "ओ पासवाले, हात चालवा जरा!" तो "हो हो" म्हणाला. मी एका ट्रकच्या मागे लपले. त्याने मला पाहू नये म्हणून लपले की मला त्याला पाहवेना म्हणून, कोण जाणे. रडू मात्र आलं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाहेर सासूबाईंनी लगेच टीव्हीचा आवाज बारीक केला.

"मी आज पास-खोलीपाशी आले होते," मी म्हणाले.

त्याने कप खाली ठेवला. "बरं झालं. मला सांगायला जमत नव्हतं."

"का काढलं तुला बार्जवरून?"

"बंदराच्या वाहतूक अधिकाऱ्याने बोलावलं. म्हणाला, निरीक्षकबाईंचा नवरा बार्जवर नको, इथलं तिथे जातं. मी म्हटलं, आम्ही घरी कामाचं बोलत नाही. तो हसला. म्हणाला, मग सिद्ध करा. वाट खोल करायचं काम संपेपर्यंत बाहेर काही फुटलं नाही, तर बार्ज परत तुमची." तो माझ्याकडे बघत होता. "तिकडे त्यांना वाटतं मी तुझा माणूस. इथे तू माझे बूट हुंगतेस. आईने सांगितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफ कर म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं भलतंच. माझी जीभ घरी आली तरी ऑफिसातच असते.

"पण बार्ज खरंच समुद्रापर्यंत जाते. मग शिंपल्यांत गोदीचा गाळ कसा?"

  माहीत नसलं की तो खांदे उडवतो. आता खांदे हलले नाहीत.

"तुला माहीत आहे," मी म्हणाले.

"विचारू नकोस. एक शब्द घरात बोललो नाही, हे मी त्या माणसाला छातीठोकपणे सांगून आलोय. ते खरं राहू दे. थोडेच दिवस राहिलेत."

"तिकडे बायकांची टोपली रिकामी झालीय."

"ठाऊक आहे मला."

इथे मी थांबायला हवं होतं. पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा निघता निघत नाही. मी विचारलं, "तू बार्जवर होतास तेव्हाही हे असंच चालायचं?"

तो ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. बाहेर टीव्ही पार बंद झाला.

"मी होतो तोवर तळाची दारं बंद असायची! दारांची साखळी ढिली सोडा, वाटेत गाळ गळू दे, बार्ज हलकी होऊन लवकर परतेल, असं त्या अधिकाऱ्याने मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. म्हणून काढलं मला! तुझं नाव नुसतं निमित्ताला होतं."

मग त्याचं त्यालाच कळलं, आपण काय बोललो ते. तो पडलेल्या खुर्चीकडे बघत राहिला. इतके दिवस पास-खोलीत बसून, ट्रकवाल्यांचं ऐकून घेऊन त्याने जे सांभाळलं होतं, ते मी एका प्रश्नात काढून घेतलं होतं. तेही त्याला चोर समजून.

खुर्ची उचलून तो बसला आणि हळू आवाजात सगळं सांगू लागला. मुखाबाहेर पडायच्या आधी इंजिन मंद करतात. साखळी कोण सोडतो. भरतीचं पाणी मग तो गाळ फाट्यांत कसा ढकलत नेतं. तो इतका शांत बोलत होता की मला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला. खरंच वाटला. पण मी उठले आणि ओट्यावरच्या डब्यांमागे पेन शोधायला लागले.

तो बोलायचा थांबला. मीही तशीच थांबले, हात डब्यांमागे.

"लिही," तो म्हणाला. "डाव्या बाजूची साखळी. उजवी नाही. आणि माहिती कोणी दिली तिथे माझं नाव टाक. तू नाही टाकलंस, तरी ते माझंच धरणार आहेत."